गुरुवारी श्वास घेणारी भिंत

ही हकीकत कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याच्यावर ती गुदरली त्याने ती स्वतःच्या तोंडाने अकरा शहाण्या माणसांसमोर सांगितली, तेव्हा त्या अकरांतल्या एकानेही ती मानली नव्हती. मग आपण कोण लागून गेलो मानणारे? पण खोटं ऐकायला जितका वेळ लागतो तितकाच खऱ्यालाही लागतो, तेव्हा ऐकून घ्यायला हरकत नाही.

त्या माणसाला सगळे दमटराव म्हणत. हवा दमट म्हणून हे नाव पडलं की माणूस दमलेला म्हणून, यावर संग्रहालयात दोन तट होते आणि दोन्ही तटांकडे पुरावा भरपूर होता. दमटराव चालायला लागला की आधी त्याचे पाय निघायचे आणि मागाहून, जमेल तसा, बाकीचा दमटराव. खुर्चीत तो बसायचा नाही, हमालाने पोतं टेकवावं तसा स्वतःला टेकवायचा. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि ते आठही त्याला जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसत होते.

संग्रहालय म्हणजे कोणे एके काळी एका बड्या असामीचा राहता महाल. त्या असामीचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं; हयातीत सगळे त्याला नुसतं 'सरकार' म्हणत, मेल्यावरही तेच चालू राहिलं. सरकारांना मूलबाळ नव्हतं, हौस मात्र उदंड. नऊ दालनं भरतील एवढ्या कोरीव पेट्या, तंतुवाद्यं, कातडी बांधणीच्या वह्या त्यांनी मागे ठेवल्या होत्या. आणि नवव्या दालनात ठेवली होती एक भिंत. जमिनीपासून छतापर्यंत पक्षीच पक्षी रंगवलेली. दोनशे चौदा. हा आकडा कुठल्याही पुस्तकात नव्हता, दमटरावाने मोजला होता.

त्याचं काम हवेवर लक्ष ठेवण्याचं. माणसाला हवा मानवली नाही तर तो कुरकुर करतो, खिडकी उघडतो. लाकूड बिचारं मुकाट फुगतं, कातडं आक्रसतं, भिंतीवरचा रंग पापुद्रा होऊन सुटतो आणि सुटेपर्यंत ब्र काढत नाही. म्हणून प्रत्येक दालनात काचेच्या पेटीत एकेक पितळी यंत्र ठेवलेलं होतं. त्यात माणसाच्या केसांची एक बट ताणून बसवलेली. हवा ओली झाली की केस लांबतात, कोरडी झाली की आखडतात, आणि त्यांना जोडलेली निब बाजूच्या गोल नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर जांभळी रेघ ओढत राहते. नळकांडं आठवड्याला एक फेरा घेई. दर सोमवारी जुना कागद काढायचा, नवा लावायचा, चावी द्यायची, निबेत शाईचा थेंब सोडायचा. नऊ दालनं, नऊ कागद, एकतीस वर्षं. गुणाकार ज्याने त्याने करावा. दमटरावाने एकदा केला होता आणि दोन दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं.

आता थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हेही लपवून उपयोग नाही. यंत्रातली बट सरकारांच्या तिसऱ्या बायकोची आहे आणि नवऱ्याचं नाव काढलं की ती अजून ताठ होते, असं तो पाहुण्यांना सांगे. पाहुणे वाकून बघत, कुणीतरी हळूच 'सरकार' म्हणे आणि पाहुण्यांच्याच श्वासाने निब हलली की सगळे दोन पावलं मागे सरत. पण कागदाच्या बाबतीत मात्र गडी सोवळा. "तोंडाने मी वाट्टेल ते बोलेन," तो म्हणायचा, "निबेने खोटं लिहिणार नाही." आणि नव्हतं लिहिलं, एकतीस वर्षांत एकदाही.

दमण्याचं मूळ घरी होतं. घरी एक्याण्णव वर्षांचे वडील. चौतीस वर्षं त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी केली होती, आणि गेली सहा वर्षं ते ती अंथरुणात पुन्हा पहिल्यापासून करत होते. दिवसा चिडीचूप. रात्र झाली की बस सुटायची. "पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी नको." मग दमटरावाने अंथरुणाशेजारच्या बाकावर खरोखरच इंचभर सरकायचं, कारण नुसतं हो म्हटलेलं म्हाताऱ्याला चालत नसे, डोळे मिटलेले असले तरी कळे. मग "कोण उतरतंय?" त्यावर "पुढच्या थांब्याला" असं उत्तर दिलं की पाऊण तास शांतता, आणि पुन्हा "पुढे सरका". बायको भट्टीवर पाव भाजायच्या कामाला, पहाटे चारला निघायची, तेव्हा रात्रीची ही बस एकट्या दमटरावाच्या वाट्याला. उजाडताना शेवटचा थांबा येई, वडील ड्यूटी संपली म्हणून गाढ झोपी जात, आणि दमटराव तोंडावर पाणी मारून कामाला निघे.

असा माणूस कधी आणि कुठे झोपत असेल?

गुरुवारी झोपे. गुरुवारी संग्रहालय बंद असे. नववं दालन सगळ्यांत आतलं; रंगाला उजेड बाधतो म्हणून तिथे जाड पडदे, हवा गार, आवाज नाही. यंत्र भिंतीशी एका बुटक्या तिपाईवर टिकटिकत असायचं. दोन वाजता दमटराव दार लावून घ्यायचा, यंत्राशेजारी स्वतःची सतरंजी पसरायचा, कोटाची गुंडाळी उशाला घ्यायचा आणि जमिनीला पाठ लागायच्या आधीच गेलेला असायचा. सरकारांचा पलंग चौथ्या दालनात रिकामा पडला होता, पण त्याला त्याने बोटही लावलं नाही. माणूस थापाड्या होता, भ्रष्ट नव्हता.

बाहेरचा व्हरांडा झाडणारी मावशी गुरुवारी केरसुणी पाण्यात बुडवून झाडायची. ओल्या केरसुणीचा फारसा आवाज होत नाही. धूळ उडू नये म्हणून ती एवढी काळजी घेते, असं दमटरावाला वाटायचं आणि तो मनातल्या मनात तिचं कौतुक करायचा.

पण माणूस झोपला तरी श्वास घेतो, आणि श्वास ओला असतो. निबेपासून हातभर अंतरावर दोन तास कुणी फुसफुसत असेल तर केस काय करतील? रेघ सगळा आठवडा पंचावन्न टक्क्यांवर सरळ चालायची आणि गुरुवारी दुपारी दोनला साठ-बासष्टपर्यंत चढून चारनंतर उतरायची. उंटाच्या पाठीसारखा एक उंचवटा. सहा वर्षांचे जवळपास तीनशे कागद, त्यावर तीनशे उंट. दमटराव ते स्वतः काढायचा, स्वतः तारीख घालायचा आणि कपाटात रचायचा. कपाट कुणी उघडत नसल्यामुळे जग सुरळीत चाललं होतं.

ते एका प्रबंधवालीने उघडलं. जुन्या वास्तूंतल्या हवेवर प्रबंध लिहायला आलेली चुणचुणीत मुलगी. तिने तीनशे कागद जमिनीवर मांडले आणि सोमवारी सकाळी दमटरावाला गाठलं. आदल्या रात्री बस फारच गर्दीची होती. तो उभ्या उभ्या शाईच्या बाटलीचं टोपण शोधत होता आणि ते त्याच्याच हातात होतं. हे उंचवटे कसले, तिने विचारलं. गुरुवारी तर इथे कुणीच नसतं ना, असंही विचारलं.

"भिंत श्वास घेते, बाई," दमटराव म्हणाला.

ती जावी एवढाच त्याचा हेतू होता. एरवी त्याने अशा थापेला निदान शेंडा-बुडखा तरी जोडला असता. पण प्रबंधाला कधी कसला आधार सापडेल सांगता येत नाही. मुलीने ते वाक्य वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि तडक संचालकसाहेबांकडे गेली.

साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त एखादी पाटी हवी होती, जिच्या खाली आपलं नाव येईल. पुढच्याच गुरुवारी ते एकटेच आले, चवड्यांवर चालत नवव्या दालनापाशी गेले आणि बंद दाराला कान लावला. दार उघडायची त्यांची छाती झाली नाही. शुक्रवारी सगळ्यांना जमवून त्यांनी सांगितलं. भिंत श्वास घेते हे खरं आहे. लांब, जड, दुःखी श्वास. आणि श्वासाच्या तोंडाशी ती स्पष्टपणे एक शब्द उच्चारते. "सरकार," साहेब म्हणाले. "शंभर वर्षं झाली जाऊन, पण ती अजून मालकाला हाक मारतेय."

मागच्या रांगेत दमटराव गार पडला. श्वासाचं त्याला लगेच कळलं. 'सरकार'चं मात्र कळेना. आपण कशाला हाक मारू सरकारांना? जन्मात तोंड पाहिलं नाही त्यांचं. म्हणजे ते साहेबांनी पदरचं घातलं असणार. त्याने साहेबांकडे प्रथमच थोड्या आदराने पाहिलं. थापेत ते आपल्या वरताण निघाले होते.

तिथल्या तिथे बोलून टाकायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे आठ महिने आधी घरी बसायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे गुरुवार जायचा. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. समजूत लगेच पटली, कारण पटवून घ्यायला ताकद लागत नाही, न पटवून घ्यायला लागते.

मग पाटी लागली. 'श्वास घेणारी भिंत', आणि खाली साहेबांचं नाव. प्रबंध झाला, त्याचा सत्कार झाला. मावशीने ती पाटी एका पाहुण्याकडून वाचून घेतली आणि हसता हसता तिला असा ठसका लागला की पाणी पाजावं लागलं. "साहेबांना सांगायचं कुणी?" एवढंच म्हणून ती बादली उचलून गेली. कशाबद्दल बोलतेय हे तिला कुणी विचारलं नाही. मावशीला कुणी काही विचारत नसे.

आणि एवढ्यावर थांबले तर ते साहेब कसले? भिंतीच्या श्वासात कुणाचा व्यत्यय नको म्हणून त्यांनी हुकूम काढला: गुरुवारी नवव्या दालनाला कुलूप, चावी साहेबांच्या खिशात, आत चिटपाखरूही जाता कामा नये. दमटरावाने मोजलेले दोनशे चौदा सोडून.

पहिल्या गुरुवारी तो कुलपासमोर सतरंजीची गुंडाळी घेऊन उभा राहिला आणि तसाच परत फिरला. दुसऱ्या गुरुवारी तळघरात टेकून पाहिलं, तिथे उंदीर. तिसऱ्या गुरुवारी नुसताच उभा राहिला. दुसरीकडे झोप येईना, कारण शरीराला जागा पाठ झाली होती. महिन्याभरात तो तारखेच्या जागी तापमान आणि तापमानाच्या जागी तारीख लिहू लागला. एकदा बायकोने पाव पुढे ठेवला तर "पुढच्या थांब्याला" म्हणाला. तिने पाव पुन्हा डब्यात ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

कागदावर अर्थातच उंट उरला नाही. पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न. एरवी अशी सरळ रेघ पाहून हवेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाने पेढे वाटावेत. साहेबांनी ती पाहिली आणि मटकन खाली बसले. "गेली," ते म्हणाले. "श्वास थांबला तिचा."

पुढच्या महिन्यात बडे पाहुणे यायचे होते, खास श्वास ऐकायला. साहेबांनी एका भिंतवैद्याला बोलावलं. हा गृहस्थ जुन्या इमारती तपासत हिंडायचा; रबरी हातोडीने टकटक करायचा आणि खरोखर डॉक्टरची नळी लावून दगडाचं ऐकायचा. त्याने भिंतीची नाडी पाहिली. अजून आठवडाभर थांबू, म्हणाला. एक तरी उंचवटा आला तर धोका टळला, नाही आला तर इलाज करावा लागेल.

इलाज हा शब्द दमटरावाला आवडला नाही. त्या सोमवारी त्याने एकतीस वर्षांत न केलेलं पाप केलं. कागद काढून बाजूला ठेवला, एक कोरा टेबलावर पसरला, निब शाईत बुडवली, बुधवारपर्यंत सरळ रेघ ओढली आणि गुरुवारच्या रकान्यात स्वतःच्या हाताने एक उंट काढायला घेतला. एक चढण, एक उतरण, संपलं असतं. पण शांत खोली, खुर्चीला पाठ, समोर उंटाची चढण, आणि दमटरावाचा डोळा लागला. हात झोपला नाही. जाग आली तेव्हा रेघ गुरुवार ओलांडून शुक्रवार, शनिवार चढत चढत रविवारी थेट शंभरावर पोचली होती. हवा शंभर टक्के ओली म्हणजे त्या पक्ष्यांच्या जागी मासे हवेत. तो कागद फाडायला गेला आणि दारात भिंतवैद्य उभा.

वैद्याने कागद उजेडाकडे धरला, पुन्हा उलटा धरला. निदान त्याने तिथेच केलं. भिंतीने गुरुवारी श्वास घेतला आहे, पण सोडलेला नाही. आत हवा तुंबली आहे. अशी तुंबत राहिली तर एक दिवस भिंत फुटेल. इलाज एकच: अंगठ्याएवढी छत्तीस भोकं, आरपार, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येकात एक नळी.

बुधवारी त्याच्या माणसाने खडूने फुल्या मारल्या. छत्तीस फुल्यांत अकरा पक्षी सापडले. त्यातली एक फुली तळाच्या डाव्या कोपऱ्यातल्या करकोच्याच्या बरोबर डोळ्यावर आली होती. त्या करकोच्याच्या पंखाचा नखाएवढा पापुद्रा दमटरावाच्या पहिल्याच वर्षी सुटला होता. त्यानंतर त्या भिंतीवरून रंगाचा कणही पडला नव्हता. एकतीस वर्षांत माणसाने काय केलं असं कुणी विचारलं असतं तर त्याच्याकडे तेवढंच एक उत्तर होतं, आणि त्यावर खडूची फुली होती.

गुरुवारी भोकं पाडायची होती. सकाळी साहेबांच्या खोलीत समिती बसली: साहेब, वैद्य, प्रबंधवाली धरून अकराजण. दमटराव न बोलावता आत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. वडील, बस, सतरंजी, श्वास, उंट, खोटी रेघ, टेबलावर लागलेला डोळा. काही झाकलं नाही, काही चढवलं नाही. त्याच्या आयुष्यात त्याने एका दमात सांगितलेली ही सगळ्यांत लांब खरी गोष्ट होती, आणि ती सांगताना त्याची जीभ चार ठिकाणी अडखळली, कारण तिला सवय नव्हती.

खोलीत त्याचं कौतुक झालं. साहेबांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भिंतीवर तुमचा जीव आहे हे आम्हाला ठाऊक आहे, तिला वाचवायला तुम्ही स्वतःवर बालंट घेताय, हेही मोठ्या मनाचं लक्षण आहे. पण बट तिसऱ्या बायकोची सांगणारे तुम्हीच ना? त्या मानाने हे फारच पडेल झालं हो, दमटराव, असं म्हणून त्यांनी त्याला पाणी दिलं. प्रबंधवाली मात्र हसली नाही. तिने प्रबंधाची प्रत उलटी करून ठेवली आणि विचारलं, एकदा निबेपाशी झोपवून बघायला काय हरकत आहे?

निबेचं आता काही धरता येत नाही, वैद्य म्हणाला, भिंत आजारी आहे, कशानेही चढेल. पण साहेबांनी आवाज स्वतःच्या कानाने ऐकला आहे. तोच आवाज या माणसाचा निघाला तर पुढे बोलू.

"झोपून दाखवा," साहेब म्हणाले. पाटी त्यांच्या नावाची होती.

दोन वाजता कुलूप निघालं. दमटराव आत गेला, सतरंजी पसरली, कोटाची गुंडाळी केली. बाहेर अकरा माणसं दाराला कान लावून उभी राहिली. त्यांच्या मागे ड्रिलवाला दोन फुटी पातं बसवून. दाराखालून त्याची वायर आत आली होती, थेट दमटरावाच्या पायांशी.

आणि झोप येईना. दोन महिने जिच्यासाठी त्याने जीव टाकला, जी त्याला शाईच्या टेबलावर न बोलावता आली, ती आता फिरकेना. पाठीखाली जमीन तीच, गारवा तोच, टिकटिक तीच. डोळे मिटले की फुल्या दिसायच्या, उघडले की फुल्या दिसायच्या. करकोचा एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होता, दुसऱ्यावर खडू. पंधरा मिनिटं गेली. दाराबाहेर कुणीतरी खोकलं, कुणीतरी घड्याळ बघितलं असावं. अर्धा तास गेला. माणूस किती दमला की झोपू शकत नाही, हे गणित त्याने कधी केलं नव्हतं.

"लावू का साहेब?" ड्रिलवाल्याने विचारलेलं त्याला आत ऐकू आलं.

मग दमटरावाने जे येत होतं ते केलं. डोळे घट्ट मिटले, तोंड उघडलं आणि एक घोरणं काढलं. चांगलं वजनदार, खालून वर नेलेलं, शेवटी शिट्टी दिलेलं. दुसरं काढलं. तिसऱ्यात त्याने थोडं दुःखही घातलं.

बाहेर कुजबुज झाली. साहेब म्हणत होते की हे नुसतं घोरणं झालं, असं तर कुणीही घोरतं. ते जे ऐकलं होतं त्यात शब्द होता. शब्द कुठे आहे? वैद्य म्हणाला, शब्द नाही, बरोबर.

शब्द. साहेबांनी पदरचा घातलेला शब्द आता दमटरावाकडून वसूल होत होता. बरं, तोही देऊ. थाप मारायची तर पुरती मारावी. त्याने श्वास भरून घेतला आणि घोरण्याच्या चढावर, लांबवर, कण्हत, जसा एखादा इमानी दगड कण्हेल तसा म्हणाला, "सरकाऽऽर."

बाहेर सगळे एकदम गप्प झाले. त्या शांततेत व्हरांड्याच्या टोकाकडून ओल्या केरसुणीचा सूऽ सूऽ आवाज येत होता. तो जवळ आला, दारापाशी थांबला, बादली खाली ठेवल्याचं वाजलं. मग मावशीचा आवाज आला, अगदी कानाशी आल्यासारखा.

"सोंग करतोय. जागा आहे तो," ती म्हणाली. "झोपेत सरकार-बिरकार कधी म्हणत नाही. बाप कंडक्टर ना त्याचा. 'पुढे सरका, पुढे सरका' करत झोपतो, आणि शेवटच्या 'सरका'वर घोरणं चढतं. सहा वर्षं दर गुरुवारी ऐकतेय मी."